सॅक्सोफोनमधलं पाणी

रबर उकळलं की त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, हे मला माझ्या मायमुळं कळलं. आमच्या बँडात सॅक्सोफोन वाजवणारे सोपानकाका खोकून खोकून गेले आणि त्यांचं वाद्य माझ्याकडं आलं. माय म्हणाली, "तसंच तोंडाला लावायचं नाय ते." तिनं चुलीवर डेचकी चढवली, त्यात लिंबाचा पाला आणि मूठभर सोडा टाकला आणि सॅक्सोफोनचा माउथपीस, म्हणजे फुंकायला तोंडात धरतात तो कडक रबराचा काळा तुकडा, बटाट्यासारखा रटारटा शिजवून काढला. बाहेर निघाला तेव्हा त्याचा रंग शेवाळलेल्या दगडासारखा हिरवट झाला होता आणि घरभर असा वास सुटला होता की शेजारची बाई नाकाला पदर लावून विचारायला आली, काय मेलंय म्हणून. तो वास पुढं कित्येक दिवस गेला नाही. मी तोच माउथपीस तोंडात धरून सूर लावायला शिकलो. पहिल्या सुराच्या आधी मला ओकारी आली, आणि खरं सांगायचं तर संगीताशी माझं नातं पुढंही बराच काळ ओकारीचंच राहिलं.

आमचं मूळ गाव फुलंब्रीच्या बाजूला. तिथल्या मांगवाड्यात आमच्या घरी हलगी आणि सनई पिढ्यान् पिढ्या होती. पोलीस अ‍ॅक्शननंतर बा आम्हाला घेऊन औरंगाबादेत आला आणि छावणीजवळच्या वस्तीत दीड खोलीत आमचं बिऱ्हाड थाटलं. निजामाच्या फौजेचं सामान तेव्हा लिलावात निघत होतं. बानं त्यातून लाल लोकरी कोटांचं एक गाठोडं, दोन-तीन पोचे आलेली वाद्यं आणि एक मोठा ढोल उचलला आणि बँड काढला. लोक त्याला दगडूमास्तर म्हणायला लागले. ते कोट कधी धुतले गेले नाहीत, कारण लोकर आटते असं कुणीतरी बाला सांगितलं होतं. कोणकोणत्या शिपायांचा घाम त्यांत मुरला होता कोण जाणे. त्यावर आमचा घाम चढला. भर वैशाखात, दुपारच्या मुहूर्ताला, गुलमंडीपासून पैठण गेटपर्यंत तो कोट अंगावर घेऊन चालायचं म्हणजे दुसऱ्याच्या ओल्या कातडीत शिरून चालल्यासारखं वाटायचं. घरी ते कोट खुंट्यांवर टांगलेले असत आणि आम्ही त्यांच्याखाली झोपत असू. सकाळी मायच्या भाकरी थापण्याचा आवाज, ढोलावर कुणी तरी बोटं आपटून बघतंय तो आवाज, आणि या दोन्हींच्या मधून रहीमचाचांचं क्लॅरिनेट. आमच्या घरात भांडण करायचं तरी ओरडून करावं लागे.

रहीमचाचा निजामाच्या फौजेच्या बँडात होते. फौज मोडली आणि ते आमच्यात आले. कागदावर लिहिलेले सूर वाचायला मला शिकवलं ते त्यांनी. ते बासारखे मारत नसत. चूक झाली की फक्त तोंड कडू केल्यासारखं करत. मी वरातीत वाजवतो तसा जोर लावून सॅक्सोफोन फुंकायला लागलो की ते कानावर हात ठेवत. "ये बाजा चिल्लाने का नहीं है रे बेटा. इससे बातां करते." छावणीत गोऱ्या साहेबांच्या क्लबात त्यांनी लांबून ऐकलं होतं म्हणे, सॅक्सोफोन कसा बोलतो ते. त्याला जाझ म्हणतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मी मॅट्रिक झालेला, मिसरूड फुटलेला गडी. मला ते ऐकायचंच होतं. पण कुठं ऐकायचं? शहागंजच्या हॉटेलातल्या रेडिओवर सिनेमाची गाणी आणि बातम्या. तेवढंच.

आणि वराती! त्याबद्दल लिहायचं म्हटलं की अजून माझी जीभ कडवट होते. पिऊन तर्र झालेले नवऱ्याचे मित्र पुढ्यात नाचत. नोट दातांत धरून तोंडासमोर आणत आणि ती आम्ही आमच्या दातांनी घ्यावी असा हट्ट धरत. पाचोडच्या एका लग्नात नवऱ्याच्या मामानं माझ्या हातातून सॅक्सोफोन ओढून घेतला, पानानं लाल झालेल्या तोंडात माउथपीस कोंबला आणि गाढवासारखा आवाज काढून परत दिला. रीड, म्हणजे माउथपीसला बांधलेली ती वेताची पातळ पट्टी, चुन्याकाथानं माखली होती. लोक हसत होते. मी कोटाच्या बाहीनं पुसून तीच तोंडात धरली आणि पुढचं गाणं वाजवलं, कारण बा ढोलाजवळून माझ्याकडं बघत होता. जेवायला आम्ही पंगती उठल्यावर. मांडवाच्या मागं, जिथं उष्ट्या पत्रावळींचा ढीग पडलेला असे तिथंच, कुत्र्यांना हाकत हाकत. येसराची आमटी गार होऊन तिच्यावर तेलाची साय धरलेली. आज कुठल्या लग्नात ती आमटी माझ्यासमोर आली की मी वाटी सरकवतो. सून म्हणते, "बाबा, तुम्हाला काहीच आवडत नाही." खरं आहे तिचं.

अशाच एका लग्नात, औरंगपुऱ्यात, डॉक्टरसाहेब भेटले. विलायतेत शिकून आलेले, खडकेश्वरला बंगला, शहरात मोठं नाव. नवऱ्याकडं जायचं सोडून ते सरळ आमच्या घोळक्यात आले आणि मला म्हणाले, "तुझा आवाज चांगला आहे. जाझ ऐकलायस कधी?"

"नाय साहेब. ऐकायचंय. पन कुठून सुरू करावं तेच कळंना."

"सुरुवातीपासून," ते म्हणाले. "कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून शिकायची. माझ्याकडं शे-दीडशे रेकॉर्डस् आहेत. रविवारी सकाळी येत जा."

मी हवेत होतो. बा माझ्याहून हवेत होता. डॉक्टरांच्या भाचीचं लग्न ठरलं होतं आणि त्या बोलण्याच्या ओघात डॉक्टरांनी बाला सांगून टाकलं की बँड तुमचाच. बंगल्यातलं लग्न! बानं घरी येऊन मायला तीनदा सांगितलं.

रविवारी मी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून गेलो. दिवाणखान्यात गालिचा होता, खुर्च्या होत्या, भिंतभर पुस्तकं होती. माझ्यासाठी एक लाकडी चौरंग उंबऱ्याशी, दिवाणखाना आणि व्हरांडा यांच्या मधे, अशा बेतानं ठेवला होता, की मी घरात बसलोय असंही म्हणता येईल आणि बाहेर बसलोय असंही. डॉक्टरसाहेब आरामखुर्चीत बसत, तबकडीवर सुई अलगद ठेवत आणि डोळे मिटत. अगदी जुन्या, खरखरत्या रेकॉर्डपासून त्यांनी सुरुवात केली. एकेक रेकॉर्ड संपली की मला समजावत. हे काळ्या गुलामांच्या नातवंडांचं संगीत. गोऱ्यांनी त्यांना माणूस मानलं नाही. वेगळी वस्ती, वेगळं पाणी, वेगळा दरवाजा. सांगताना ते खरोखर हळहळत. "ऐक, काय वेदना आहे! तुम्हा लोकांना तर ही चटकन कळायला हवी." मी चौरंगावरून मान डोलवत असे. चौरंगाची एक कड माझ्या मांडीला रुतत असे.

मला काही वेदना कळत नव्हती. मला ऐकू येत होता तो ढोल, तुतारीसारखं किंचाळणारं एक वाद्य आणि त्याच्या भोवती उंदरासारखं पळणारं क्लॅरिनेट. एका रविवारी डॉक्टरांनीच सांगितलं की ही माणसं सुरुवातीला रस्त्यानं मिरवणुकीत वाजवत, मयतीला वाजवत. मी आनंदानं म्हणालो, "म्हंजी साहेब, वरातीच की!"

त्यांनी डोळे उघडले. दुधात माशी पडल्यावर बघतात तसं माझ्याकडं बघितलं. "वरात आणि हे? काहीतरीच काय बोलतोस."

त्यानंतर मी त्यांच्याकडं काही बोलत नसे. फळीवर एक रेकॉर्ड होती, तिच्या पाकिटावर सैल टाय घातलेला, घामेजल्या कपाळाचा एक काळा माणूस सॅक्सोफोन छातीशी धरून उभा होता. मी ती लावा म्हणून दोनदा विनवलं. "अजून नाही," डॉक्टर म्हणाले. "आधी पाया. इमारत मग." पायातच माझे महिने चालले होते, आणि पायात सॅक्सोफोन नव्हताच. दर रविवारी घरी येताना मला उबग यायचा. रहीमचाचा विचारत, "क्या सुना?" आणि मी म्हणे, "कुछ नहीं चाचा, खरखर."

मग एका रविवारी सोयगावकडून जीपमध्ये घालून एका बाईला आणलं, अडलेली बाळंतीण, आणि डॉक्टरांना रेकॉर्ड अर्धवट टाकून दवाखान्यात धावावं लागलं. भाची शैलाताई, जिचं लग्न ठरलं होतं ती, दिवाणखान्यात आली. कॉलेजात शिकायला मामाकडं राहिली होती. म्हणाली, "मामा दुपारपर्यंत येत नाही आता. तुला कुठली ऐकायची आहे?" मी त्या घामेजल्या माणसाकडं बोट दाखवलं. तिनं ती लावली आणि आत निघून गेली.

काय ऐकलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण जसं घडलं तसं लिहितो. पहिल्यांदा मला शिसारी आली. गाणं इतकं हळू होतं की वाजवणारा आजारी असावा असं वाटलं, आणि सुराच्या आधी, सुराच्या कडेला, एक ओला आवाज होता. फुस्स असा. माणसाच्या तोंडातल्या हवेचा, थुंकीचा, ओठ रीडवरून निसटतानाचा. मी तो आवाज ओळखत होतो. तो माझ्या वाद्यातून येई तेव्हा रहीमचाचा तोंड कडू करत, बा खेकसे, आणि मी तो लपवायला अजून जोरात फुंकत असे. हा माणूस तो लपवत नव्हता. तो श्वास घ्यायला थांबे तेव्हा त्याचं थांबणं ऐकू येई. मग हळूच पुढचा सूर, आधीच्या सुराला हात लावून बघितल्यासारखा. माझ्या अंगावर काटा आला. या माणसाला तोंड आहे, ओलं, गरम तोंड, हे मला समजलं आणि माझं वाद्य मी इतके दिवस कशाला घाबरून वाजवत होतो तेही समजलं. रेकॉर्ड संपून सुई नुसतीच फिरत राहिली तेव्हा शैलाताईनं येऊन ती उचलली आणि न विचारता पुन्हा लावली.

हल्ली माझ्याकडं पोरं शिकायला येतात. गाडीतून त्यांचे आईबाप येतात, पोराच्या पाठीवर माझ्या सगळ्या आयुष्याच्या कमाईपेक्षा भारी सॅक्सोफोन असतो, आणि बाप विचारतो, "सर, जाझ ऐकायला कुठून सुरू करू द्यावं? काही यादी आहे का?" यादीचं नाव काढलं की माझं डोकं उठतं. मोबाइलवर शंभर नावं आधीच असतात आणि पोरगं कुठलंही गाणं अर्ध्या मिनिटाच्या वर ऐकत नाही. मी सांगतो, सुरुवातीपासून सुरू करू नका. इतिहास नंतर. एक माणूस निवडा, त्याचं एक हळू गाणं निवडा आणि तो श्वास कुठं घेतो हे तुम्हाला पाठ होईपर्यंत दुसरं काही ऐकू नका. मग त्याच्यासारखा श्वास घेऊन बघा. आईबाप नाराज होतात. फी देऊन एकच गाणं? काही जण दुसऱ्या दिवसापासून येत नाहीत. बरं होतं.

त्या रेकॉर्डवरचा तो तुकडा मी कानानं उचलला. त्यानंतरच्या दोन-तीन रविवारी, डॉक्टर आंघोळीला किंवा पूजेला गेले की शैलाताई गुपचूप तेवढी रेकॉर्ड लावून देई. घरी रहीमचाचांनी क्लॅरिनेटवर सूर शोधायला मदत केली. त्यांनी पहिल्यांदा मान खाली घालून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "हौ. ऐसाच था क्लब में." आणि डोळे पुसत तंबाखू मळायला लागले. ते रडलेले मी तेवढंच पाहिलं.

पुढं काय झालं, तर शैलाताईनं कौतुकानं मामाला सांगितलं. पाया सोडून मी इमारतीवर चढलो म्हणून डॉक्टर चिडतील असं मला वाटलं होतं. ते हरखले. मुंबई-पुण्याचे त्यांचे मित्र यायचे होते. त्यांच्यासमोर मी वाजवायचं ठरलं. "आणि हे बघ, बँडचा कोट घालून ये," ते म्हणाले. "लोकांना अस्सल काय ते दिसू दे."

"साहेब, त्या कोटाला वास येतो."

"येऊ दे रे. तेच तर खरं."

मी तो कोट घालून गेलो. संध्याकाळचा चहा होता. पाहुण्यांत प्राध्यापक होते, एक चित्रकार होता, दोन-तीन जणांच्या बायका होत्या. डॉक्टरांनी मला चौरंगावरून उठवून गालिच्याच्या कडेला उभं केलं आणि माझ्याबद्दल पाहुण्यांना सांगायला लागले. माझी जात सांगितली, आमच्या घराची हलगी सांगितली, अमेरिकेतले काळे आणि आम्ही हे कसे एकच ते सांगितलं. एका बाईनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि "किती इंटरेस्टिंग," म्हणाली. जत्रेत दोन डोक्यांचं वासरू दाखवतात ना, तसा मी तिथं उभा होतो. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि कोटाचा वास मला स्वतःला येत होता.

पण मी वाजवलं. चांगलं वाजवलं. त्या काळ्या माणसाच्या श्वासात श्वास घातला आणि सगळं विसरलो. संपलं. मग टाळ्या पडल्या. डॉक्टर तर डोळे मिटूनच बसले होते, त्यांच्या गालावर पाणी होतं.

सॅक्सोफोन बराच वेळ वाजवला की आत पाणी साचतं. तोंडातली वाफ आणि थुंकी थंड होऊन वाद्याच्या गळ्याच्या वाकड्या नळीत उतरते. वाजवणारा वाजवून झालं की सवयीनं नळी काढतो आणि झटकतो. आम्ही रस्त्यावरची माणसं; आम्हाला खाली माती असते. मी नळी काढली आणि झटकली. चार थेंब गालिच्यावर पडले.

"शी!" डॉक्टर उभे राहिले. मिटलेले डोळे केवढे मोठे झाले! "अरे काय केलंस हे? थुंकलास? माझ्या घरात थुंकलास?"

"साहेब, ते बाजातलं पानी हाय..."

"मागं हो. मागं हो आधी. गंगूबाई! फिनेल आण. बादली आण." त्यांनी माझ्या पायाजवळचा गालिचा चिमटीत धरून उलटा केला. पाहुण्यांपैकी कुणी पाय वर उचलले. मग ते शेजारच्या प्राध्यापकांकडं वळून इंग्रजीत म्हणाले की यांना कला शिकवता येते हो, पण स्वच्छता रक्तात असावी लागते. मी मॅट्रिक झालोय हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

मी फार धीट माणूस नव्हतो, अजूनही नाही. पण मला तेव्हा इतकी किळस आली, त्या फिनेलची, त्या उचललेल्या पायांची, माझ्या कोटाची, त्यांच्या गालावर अजून न वाळलेल्या पाण्याची, की तोंडून शब्द गेले. "डॉक्टरसाहेब, त्या तबकडीत बी थुंकीच वाजती. नीट ऐका. तुम्ही डोळं मिटून ऐकता ना, ती त्या माणसाची थुंकीच हाय. ती कशी चालती तुम्हाला?"

दारात शैलाताई उभी होती, तिनं मान खाली घातली. डॉक्टर म्हणाले, "चालता हो."

मी आलो. घरी काही सांगितलं नाही, पण डॉक्टरांचा माणूस सकाळीच येऊन बाला बोलावून गेला. बानं मला काय झालं ते विचारलं, मी सांगितलं, आणि त्यानं माझ्या कानाखाली वाजवली. "येवढं मोठं घर. लगीन हातचं गेलं म्हंजी? चल. पाया पड त्यांच्या." मी सॅक्सोफोन घेतला, का घेतला माहीत नाही, रागानंच, आणि बाच्या मागं चालायला लागलो. वाटेत त्यानं गुलमंडीवरून नारळ घेतला.

बंगल्याच्या फाटकाशी मी थांबलो. म्हणालो, "मी आत येनार नाय." बानं माझ्याकडं बघितलं आणि एकटा आत गेला. फाटकाच्या गजांतून मला सगळं दिसत होतं. डॉक्टर व्हरांड्यात आले. बानं पायताण लांब काढलं होतं. त्यानं नारळ पायरीवर ठेवला आणि वाकला, मग आणखी वाकला, कपाळ पायरीला टेकवलं. "लेकराची चूक झाली साहेब. पोटात घाला." मला बाची इतकी घाण वाटली की मी तोंड फिरवलं. ज्या माणसाच्या तालावर मी चालायला शिकलो तो माणूस पायरीवर पालथा पडला होता. डॉक्टर काहीतरी सावकाश, समजावणीच्या सुरात बोलत होते. मला काही शब्द ऐकू आले. येऊ द्या त्याला पुन्हा, पण स्वच्छ होऊन. वाद्य बाहेर ठेवायचं. लग्नात तुम्ही सगळे फाटकाबाहेर उभं राहून वाजवा, आत नको, घरात बायकामुलं असतात.

बा "व्हय साहेब, व्हय साहेब" म्हणत मागं मागं येत, पायताण पायात सरकवून फाटकाबाहेर आला. माझ्याकडं न बघता समोरच्या लिंबाच्या झाडापर्यंत गेला, बुंध्याला हात टेकला आणि ओकला. सकाळची भाकरी, चहा, सगळं. मला वाटलं त्याला चक्कर आली. मी धावलो. त्यानं हातानं मला थांबवलं, पुन्हा वाकला आणि रिकाम्या पोटानं नुसतेच उमासे देत राहिला. मी त्याची पाठ धरून उभा होतो. बंगल्याच्या व्हरांड्यातून डॉक्टर बघत होते.

शेवटी बा सरळ झाला. उपरण्यानं तोंड पुसलं. म्हणाला, "थांब हितंच." आणि पायताण घालूनच आत गेला, सरळ व्हरांड्यापर्यंत. या वेळी त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. वरातीत ढोलाच्या वर ओरडायची त्याला सवय होती.

"साहेब, आमाला नाय जमायचं हे लगीन. दुसरा बँड बघा." मग पायरीवरचा नारळ उचलला आणि बाहेर आला.

आम्ही चालत निघालो. बा पुढं, मी मागं. ते लग्न मग बाहेरगावच्या एका बँडानं वाजवलं. शैलाताईची आणि माझी पुन्हा गाठ पडली नाही. बानं मला त्या दिवसाबद्दल पुढं कधी एक अक्षर विचारलं नाही आणि आमच्या वराती होत्या तशाच राहिल्या, तेच कोट, तीच उष्ट्याशेजारची पंगत. डॉक्टर पुढं माझ्याशी रस्त्यात बोलायचा प्रयत्न करत. मी रस्ता ओलांडत असे. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी खाम नदीच्या पुलावर आलो तेव्हा बा कठड्यावर बसला. खाली नदीत पाणी कमी आणि गटार जास्त होतं, वास असा की बोलायला तोंड उघडवत नव्हतं. त्यानं नारळ कठड्यावर आपटून फोडला, एक तुकडा मला दिला, एक स्वतः चघळत बसला. मग माझ्या हातातल्या सॅक्सोफोनकडं बघितलं.

"काय व्हतं रं त्या तबकडीत?"

"गानं व्हतं."

"कसलं?"

मी नळी बसवली, रीड ओली केली आणि पुलावर उभा राहून तो तुकडा वाजवला. सायकलवाले, दुधाच्या बरण्या घेऊन चाललेले गवळी वळून बघत होते. बा कठड्यावर पाय हलवत माझ्या तोंडाकडं बघत होता. संपलं तेव्हा तो बराच वेळ नारळाची साल नखानं कोरत राहिला.

"लई हळू हाय," तो म्हणाला. "वरातीत नाय चालायचं."

"नाय."

"पन त्यानं दमाला जागा ठिवलीय." बानं खोबऱ्याचा चोथा नदीत थुंकला. "अजून एकदा वाजव. या बारीला अजून हळू."